चिठ्ठीवर फक्त प्रश्न लिहावा

लोकांना हल्ली काही विचारायचंच नसतं, हे माझं वाक्य घरात इतक्या वेळा बोलून झालं आहे की मी नुसतं 'लोकांना' म्हटलं तरी आमचे हे पेपरातून डोकं न काढता पुढचं पूर्ण करतात. करू देत. मी काही खोटं बोलत नाही. खोटं वाटत असेल त्याने एकदा माझ्या जागी प्रश्नपेटी घेऊन बसावं.

ही पेटी माझ्याकडे कशी आली ते आधी सांगते, म्हणजे वैतागाचं कारण कळेल. सोलापुरात सात रस्ता चौकाच्या मागच्या एका शाळेच्या पटांगणात दर डिसेंबरात आमच्या मंडळाची पाच दिवसांची व्याख्यानमाला असते. तासभर व्याख्यान आणि मग अर्धा तास प्रश्नोत्तरं. ऐकणाऱ्यांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, पत्र्याच्या पेटीत टाकायचा. पेटी व्यासपीठावर येते, तिथे एका बाजूच्या टेबलाशी बसून मी चिठ्ठ्या उघडते, वाचते, निवडते आणि वक्त्यांच्या हातात देते. बावीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे. मी पाटबंधारे खात्यात आवक-जावक टेबलावर नोकरी केली. कागद हातात आला की तो कुठल्या साहेबाकडे जायचा आणि कुठला फायलीच्या तळाशी घालायचा, हे मला न वाचता कळायचं. मंडळातल्या तेव्हाच्या ज्येष्ठांनी म्हणूनच हे काम माझ्या गळ्यात घातलं आणि मीही ते ऑफिसच्या शिस्तीत केलं.

निवडायचं म्हणजे तांदूळ निवडतात तसंच, खडे बाजूला काढायचे. कुणी लिहितं, पंख्याचं तोंड इकडे करा. कुणाला वक्त्याशी भांडायचंच असतं. एकच प्रश्न चौघांनी विचारलेला असतो. काही अगदीच बाळबोध असतात, ते वाचून वक्त्याला वाटायचं की आपण कुठे येऊन पडलो. असं सगळं मी बाजूला करायची. उरलेले दहा-बारा प्रश्न असे असायचे की पाहुणे खूश होऊन म्हणायचे, सोलापूरचा श्रोता फार चौकस आहे बुवा. आणि मंडळी माझ्याकडे बघून हसायची.

तो श्रोता होताही चौकस. एका वर्षी जमिनीखालच्या पाण्यावर व्याख्यान होतं. चिठ्ठ्या पेटीत मावेनात म्हणून लोकांनी त्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. ज्यांच्याकडे पाहुण्यांचं जेवण होतं त्या बाईंच्या भाकरी गार झाल्या आणि त्या माझ्याशी संक्रांतीपर्यंत बोलल्या नाहीत. मला त्याचं जराही वाईट वाटलं नव्हतं.

मग हे कधी आणि कसं आटलं, कुणाला ठाऊक. एका वर्षात काही झालं नाही. वीस चिठ्ठ्यांच्या पंधरा झाल्या, पंधराच्या आठ. त्या आठातल्या तीन 'सर, तुमच्या यशाचं रहस्य काय' अशा. मी ओळखीपाळखीच्या लोकांना धरून विचारायला लागले की, अहो, तुम्ही पूर्वी विचारायचात, आता का नाही? उत्तर एकच. गूगलवर असतंय की. मी म्हणायची, असतंय ना, मग बघितलंत का? नाही. कधीच नाही. ते तिथे असतंय एवढ्यावरच माणूस तृप्त. पाण्याची टाकी भरलेली आहे म्हणून तहान लागायचीच बंद व्हावी, असा प्रकार.

बरं, तोंडं बंद झालीत असंही नाही. लिफ्टमध्ये मला अनोळखी बाई विचारते, तुम्हाला पेन्शन किती, मुलगी सासरी नांदते का, सुनेला अजून काही नाही का. भोचकपणाला ओहोटी म्हणून नाही. तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात होते, पण धरणातलं पाणी मोजतात कसं, असं मला एका नातेवाईकाने कधी विचारलं नाही. भाच्याला चिकटवता येईल का, हे मात्र सगळ्यांनी विचारलं. आणि आपण चुकून एखादी गोष्ट समजावून सांगायला लागलो, तर समोरचा हात जोडतो आणि म्हणतो, काकू, शाळा घेऊ नका. शाळा घेणं ही शिवी कधीपासून झाली? शहाणा हा शब्द तर आपण केव्हाच बाटवला. 'लई शहाणा हायस' असं कुणी म्हटलं की तो माणूस मारामारीला तयार होतो. ज्या भाषेत शहाणं म्हटल्यावर भांडण लागतं, तिथे प्रश्न कोण विचारणार?

आता एक कबुली देते. तीन-चार वर्षांपूर्वी एका वक्त्यांच्या व्याख्यानानंतर पेटी पूर्ण रिकामी आली. वयस्क गृहस्थ, लांबून आलेले. त्यांना खरंच वाटेना. त्यांनी स्वतः पेटीत हात घातला आणि तळ चाचपला. ते मला बघवलं नाही. मी टेबलाखाली एका कागदावर प्रश्न खरडला, घडी घातली आणि म्हटलं, ही एक खाली पडली होती. त्यांचा चेहरा असा उजळला की मी आणखी दोन खरडल्या. तेव्हापासून ती सवयच लागली. व्याख्यानाआधी घरी बसून मी प्रश्न तयार करायची. वेगवेगळी पेनं, वेगवेगळे कागद, दोन-तीन डाव्या हाताने, दोन-तीन ह्यांच्या अक्षरात. खाली सही : एक श्रोता. हे म्हणायचे, तुझ्या एकटीच्या जिवावर सोलापूर चौकस आहे. मला हसू यायचं, पण ते हसणं बरं नव्हतं.

मंडळाचे आताचे चिटणीस तरुण आहेत. सात रस्त्यावर मोबाईलचं दुकान आहे, स्वभावाने लाघवी, मला आईसारखं मानतात, आणि बोलता बोलता माझ्या मुळावर येतात. गेल्या ऑक्टोबरात बैठकीत ते म्हणाले की प्रश्नोत्तरं बंद करू. त्यांचं म्हणणं असं की व्याख्यान संपलं की लोक उठतात, रिकाम्या खुर्च्यांचा फोटो येतो, तो ग्रुपवर जातो आणि मंडळाची शोभा होते. त्यापेक्षा त्या अर्ध्या तासात सोडत ठेवू. पाच चादरी, पाच भाग्यवान श्रोते. लोक शेवटपर्यंत बसतील.

मी चिडले. बैठकीत आवाज चढवायचा नाही असं मी निवृत्तीच्या दिवशी ठरवलं होतं, ते मोडलं. म्हटलं, चादर वाटायची असेल तर व्याख्यान तरी कशाला हवं? थेट चादरीच वाटा. चिटणीस शांतपणे म्हणाले, "काकू, भांडू नका की. लोकांनाच विचारायचं नाही तर आपण काय करायलाव? यंदा एका दिवशी तरी दहा खरे प्रश्न येऊ द्या. आले तर तुमचा अर्धा तास कायमचा तुमचा. मी परत काढणार नाही विषय."

खरे, हा शब्द त्यांनी सहज वापरला की मुद्दाम, हे मला आजवर कळलेलं नाही. मी होकार दिला. दुसरं काय करणार? घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, पैज लागली आहे. हे म्हणाले, कुणाशी, चिटणिसांशी की स्वतःशी? मी चहा ठेवायला आत गेले.

पहिले तीन दिवस मिळून चार चिठ्ठ्या आल्या. त्यांतली एक ध्वनिक्षेपकाबद्दल होती. माझी सगळी आशा चौथ्या दिवसावर होती, कारण त्या दिवशीचे वक्ते अमेरिकेतून येणार होते. मूळचे इथलेच, पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरातले. इथे शिकले, तिकडे गेले, आणि पंचवीस-तीस वर्षं तिथल्या एका लहानशा गावातल्या कॉलेजात इतिहास शिकवतात. नाताळच्या सुट्टीत भावाकडे आले होते. विषय त्यांनीच सुचवला : अमेरिकेला आता काही जाणून घ्यायचं नाही. चिटणिसांना तो आवडला नाही. ते म्हणाले, अमेरिकेत जायचं कसं, असा ठेवला असता तर पटांगण भरलं असतं.

पटांगण तरीही भरलं, कारण आपला माणूस अमेरिकेतून आलाय. तो काय सांगायला आलाय, हे कुणी विचारलं नव्हतं. मी पेटीसमोर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कोरी चिठ्ठी दिली. पेन्सिली ठेवल्या. आणि व्याख्यानाआधी माईक हातात घेऊन ठणकावून सांगितलं की आज चिठ्ठी टाकल्याशिवाय कुणी जायचं नाही, प्रत्येकाने एक तरी टाकावी, चिठ्ठ्या इथेच सगळ्यांसमोर उघडल्या जातील. माझ्यामागे टेबलावर पाच वक्त्यांच्या सत्कारासाठी आणलेल्या चादरी प्लास्टिकसकट रचून ठेवल्या होत्या. त्यांतल्या तीन तोवर वाटून झाल्या होत्या, तरी चिटणिसांनी फोटोत बरं दिसावं म्हणून घरच्या आणखी दोन ठेवल्या होत्या. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी आपल्या घोषणेवर खूश होते.

वक्ते चांगले बोलले. मराठी शाबूत होती, मध्येच एखादा तेलुगू शब्द यायचा आणि पुढच्या रांगेतल्या बायका हसायच्या. ते म्हणाले की त्यांच्या गावात तज्ज्ञ हा शब्द आता लोक तोंड वाकडं करून उच्चारतात, आपल्याकडे 'आलाय मोठा शहाणा' म्हणतात त्याच सुरात. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी पिवळं झालं तेव्हा त्यांनी सुचवलं की कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ. शेजारी म्हणाला, माझं पाणी मला कळतं, आणि त्यानंतर तो त्यांना फाटकातूनच नमस्कार करायला लागला. गावातलं वाचनालय आठवड्यातले दोन दिवस बंद ठेवायचं ठरलं. त्यावर हरकत घ्यायला बोलावलेल्या सभेला वक्ते स्वतः, ग्रंथपाल आणि एक म्हातारे गृहस्थ असे तिघेच आले, आणि ते गृहस्थ सभागृह गरम असतं म्हणून आले होते. लोकांना माहीत नसतं हे दुःख नाही, ते म्हणाले, माहीत नसल्याचा त्यांना अभिमान वाटायला लागलाय.

मग त्यांनी धोट्याची गोष्ट सांगितली. वडिलांच्या मागावरचा, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा एक जुना लाकडी धोटा त्यांनी तिकडे नेला होता. तो ते वर्गातल्या टेबलावर ठेवायचे आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. पूर्वी पहिल्याच दिवशी कुणी तरी विचारायचं, सर, हे काय आहे? मग त्या धाग्याने ते कापूस, गिरण्या, गुलामी, इंग्रज, सोलापूर असं सगळं शिकवायचे. अलीकडे तो धोटा आठवडाभर तसाच पडून राहायला लागला, मग महिनाभर. गेल्या खेपेला अख्खं सत्र संपलं. शेवटच्या दिवशी एका मुलीने हात वर केला आणि धोट्याकडे बोट दाखवलं. त्यांना भरून आलं. ती म्हणाली, हे परीक्षेला आहे का?

पटांगण हसलं. मला हसू आलं नाही. मला त्या माणसाला घरी जेवायला न्यावंसं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या वैतागाला पहिल्यांदा साथ मिळाली होती, तीही सातासमुद्रापलीकडून. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. म्हणजे हा रोग आपल्याच गावात निघाला नाही. पुढच्या रांगेतला एक जण शेंगा सोलत होता, दुसरा व्याख्यानाचं चित्रीकरण करत होता, पण डोळे तिसरीकडेच. तरी मी त्यांच्यावर चिडले नाही, कारण मागच्या बाजूला मला वेगळंच काही दिसत होतं. लोक उठत होते आणि पेटीत चिठ्ठ्या टाकत होते. रांग लागली होती. एक म्हातारा दुसऱ्याची पाठ टेबलासारखी वापरून लिहीत होता. पोरीबाळी, बायका, वॉचमन, सगळे. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी दुसऱ्या रांगेतून भुवया उंचावल्या.

पेटी वर आली ती जड लागली. चिटणिसांनी स्वतः आणून ठेवली आणि मला हात जोडले. मी पहिली चिठ्ठी उघडली. एका माणसाचं नाव होतं आणि खाली मोबाईल नंबर. मला वाटलं, प्रश्न मागच्या बाजूला असेल. मागे काही नव्हतं. दुसरी उघडली. नाव आणि नंबर. तिसरी, चौथी, दहावी. नाव आणि नंबर, नाव आणि नंबर. काहींनी पत्ता दिला होता. एका गृहस्थांनी नावापुढे एम.ए. बी.एड. लिहिलं होतं. एका चिठ्ठीवर फक्त 'हजर' असं होतं. एका बाईने दोन टाकल्या होत्या, एक स्वतःची आणि एक जावेच्या नावाची. आणि एकाने नंबराखाली लिहिलं होतं, चादर डबलची असावी.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मागे वळून चादरींचा ढीग बघितला. पंधरा दिवसांपूर्वीच शेजारच्या वॉर्डात एका कार्यक्रमात अशीच सोडत झाली होती. पेटी, चिठ्ठी, नाव, नंबर, आणि शेवटपर्यंत थांबलेल्यांना कुकर. माझी घोषणा आठवली. चिठ्ठी टाकल्याशिवाय जाऊ नका, सगळ्यांसमोर उघडली जाईल. सोडतीची याहून चांगली घोषणा चिटणिसांनाही जमली नसती. तासभर एक माणूस जीव तोडून सांगत होता की न विचारणाऱ्या माणसांचं पुढे काय होतं, आणि समोर शे-दीडशे माणसं चादरीची वाट बघत बसली होती.

मला भयंकर राग आला. पण वक्ते माझ्याकडे बघत होते. पेटी काठोकाठ भरलेली त्यांनी बघितली होती आणि त्यांचा चेहरा त्या जुन्या वक्त्यांसारखाच झाला होता, लहान मुलासारखा. मी पर्स उघडली. घरून तयार करून आणलेल्या बारा चिठ्ठ्या त्यात होत्या. त्या काढल्या आणि एकेक करून त्यांच्या हातात दिल्या. नावांच्या चिठ्ठ्या मूठमूठ करून माझ्या कापडी पिशवीत कोंबल्या.

त्यांनी सगळ्या बाराच्या बारा घेतल्या. ह्यांच्या अक्षरातली एक होती : न विचारणं हे भीतीमुळे की आळसामुळे? वक्ते म्हणाले, फार सुंदर प्रश्न. आळस, ते म्हणाले, आणि थोडी गुर्मी. भीती असती तर बरं झालं असतं, भीती घालवता येते. मी जोरात मान हलवली. अगदी माझ्या मनातलं बोलला माणूस. माझ्याच प्रश्नाला मला हवं ते उत्तर मिळत होतं आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांनी विचारलं, हा प्रश्न कुणाचा, जरा उभे राहता का? कुणी उभं राहिलं नाही. आमचे हे चपलेचा पट्टा नीट करायला वाकले.

लोक शेवटपर्यंत बसले, हे सांगायला नको. चिटणिसांनी माईक घेतला आणि जाहीर केलं की सोलापूरच्या श्रोत्यांनी आज प्रश्नांनी पेटी भरली, त्यामुळे प्रश्नोत्तरांचा अर्धा तास पुढेही कायम राहील. टाळ्या पडल्या. खाली उतरताना ते माझ्या कानाशी म्हणाले, काकू, जिंकलात. मी नुसती हसले. नंतर सांगू, असं मनाशी म्हटलं. सांगणार होते की नाही, देव जाणे.

लोक पांगायला लागले. कुजबुज होती, दोघा-तिघांनी चादरींकडे बोट दाखवून आपसात काही म्हटलं, पण सोडत कधी आहे असं विचारायला कुणी पुढे आलं नाही. तेवढंही विचारलं नाही. नुसते खांदे उडवून निघाले. मी पिशवीचे बंद आवळत होते तेवढ्यात एक बाई पायऱ्यांशी आली. चाळिशी ओलांडलेली, साडीवर पुरुषी शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. थेट कामावरून आली होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते, असं तिने पुढे बोलण्यात सांगितलं. तिने विचारलं, मॅडम, सोडत कवा हाय?

सगळा राग मी तिच्यावर काढला. आता आठवलं तरी लाज वाटते, पण काढला. तिला म्हटलं की सोडत वगैरे काही नाही, या प्रश्नांच्या चिठ्ठ्या होत्या. एवढा शिकलेला माणूस इतक्या लांबून येऊन बोलतो, त्याला विचारावं असं एक अक्षर तुमच्या मनात येत नाही, आणि चादर म्हटलं की नाव, गाव, नंबर सगळं लिहिता येतं. आणखीही बोलले. तिने ऐकून घेतलं. वाईट वाटल्यासारखा तिचा चेहरा झाला नाही. सुपरवायझरचं ऐकून घ्यायची सवय असावी.

मग ती म्हणाली, "आमी लिवला हुता की प्रश्न. चार वर्षांमागं. चंद्रावरचं भाषण हुतं बगा, तवा."

मी म्हटलं, मग?

"तुमी घेतला न्हाय. फुडल्या साली त्येच सर आलते, तवा पुना टाकला. पोरीकडनं शुद्ध लिवून घेतला. मी हितं फुडंच बसले हुते. तुमी चिठ्ठी उघडली, वाचली, हसला, आन खाली ठिवली."

मी लगेच म्हटलं की तसं होणार नाही, मी कुणाच्या प्रश्नाला हसत नाही, वेळ कमी असतो, सगळे घेता येत नाहीत. बोलत होते आणि बोलतानाच मला कळत होतं की हे खोटं आहे. मी हसायची. तिथे ओठ दाबून आणि घरी मोकळेपणी. बाजूला काढलेल्या चिठ्ठ्या मी घरी न्यायची आणि चहाच्या वेळी ह्यांना वाचून दाखवायची. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचो. त्या पाच दिवसांतली खरी मजा तीच असायची. मग त्या चिठ्ठ्या रद्दीत. कुणी काय लिहिलं होतं, यातलं एक वाक्यही मला आठवत नाही. ऑफिसात मी तीस वर्षांत एक कागद हरवला नव्हता.

ती म्हणाली, "तवा म्हटलं, आपलं कायतरी लईच येड्यावानी असंल. नाव लिवाय काय चुकत न्हाय की."

मी तिला विचारलं की तुमचा प्रश्न काय होता? तिने आठवून बघितलं, मनापासून बघितलं, आणि मग मान हलवली. मी सोडलं नाही. चंद्राच्या उजेडाबद्दल होता का? पौर्णिमेबद्दल? तिथल्या मातीबद्दल, माणसं गेली होती त्याबद्दल? मी एकामागून एक विचारत सुटले. त्या क्षणी जगात मला दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं. ती हसून म्हणाली की आता कुटलं आठवतंय, पोरीचंबी लगीन झालं. मला रडावंसं वाटलं आणि त्याहून जास्त संताप आला, आणि या खेपेला तो काढायला समोर कुणी नव्हतं.

मी तिला सांगून टाकलं की आज पेटीत एकही प्रश्न आला नाही, आणि जे वाचले गेले ते मीच घरून आणले होते. चिटणिसांच्या आधी, एव्हाना बाजूला येऊन उभ्या राहिलेल्या ह्यांच्या देखत, तिलाच का सांगितलं, माहीत नाही. तिने माझ्या फुगलेल्या पिशवीकडे बघितलं. एक चिठ्ठी बंदातून बाहेर डोकावत होती.

"मग दर साली एवढ्या चिठ्ठ्या घेऊन तुमी त्येचं करता काय?" तिने विचारलं.

हा टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. डब्याची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती उत्तरासाठी थांबली.